काटोलची खालची खोली

रोडग्यांचा बेत प्रेमिलाबाईंनीच काढला होता. या घरात काही नवं सुरू व्हायचं असलं की मारोतीला नैवेद्य म्हणून गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे होत. नागपुरात मानेवाड्याला प्लॉट घेतला तेव्हा झाले, ऋषिकेशला नोकरी लागली तेव्हा झाले, अदिती जन्मली तेव्हाही झाले. आता मुलगा ऋषिकेश, सून श्वेता आणि पाच वर्षांची नात अदिती सोमवारी सकाळी टेम्पोत सामान भरून काटोलला राहायला जाणार होते, तेही कायमचे. तेव्हा रोडगे व्हायलाच हवेत. भाऊ घर सोडून चालला ही काय आनंदाची गोष्ट आहे, असं लेकीने, वंदनाने, फोनवर म्हणून पाहिलं. प्रेमिलाबाई म्हणाल्या, मारोतीला आनंदाचं-दुःखाचं काय कळतं, त्याला रोडगे कळतात. आणि रविवारी उजाडताच त्यांनी जाडसर कणीक परातीत घेतली, ओवा-मीठ-तेल घातलं आणि मळायला बसल्या.

खरं म्हणजे त्यांना हात गुंतवायला काहीतरी हवं होतं.

ऋषिकेशचं जाणं एका दिवसात ठरलं नव्हतं. घरापुढचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हापासून तो ओट्यापेक्षा उंच झाला होता आणि पलीकडे दोन इमारतींची कामं चालू होती. धूळ खिडक्या बंद करूनही पोळीवर येऊन बसे. अदितीचा खोकला दिवाळीपासून होळीपर्यंत हलत नसे. ऋषिकेश कंपनीतून येई तेव्हा पोरगी झोपलेली असे, आणि जाई तेव्हाही. शेवटी त्याने घरी बसून करता येईल असं काम शोधलं. श्वेताला काटोलला मैत्रिणीबरोबर लहान मुलांची शाळा काढायची होती. दोघांनी मिळून ठरवलं. इथवर कोणाची काही तक्रार नव्हती.

घोळ पुढे झाला, आणि तो या घराच्या बोलायच्या रीतीमुळे झाला.

या घरात बाप-लेक एकमेकांशी बोलत नसत. चंपतराव एसटीत ड्रायव्हर होते. ऋषिकेशचं शिक्षण संपलं तेव्हा चार जणांचे पाय धरून त्यांनी त्याची आगारात सोय लावली आणि वंदनाच्या साखरपुड्यात पाहुण्यांना ते कौतुकाने सांगायला गेले. ऋषिकेश तिथल्या तिथे म्हणाला होता, "बाबा, तुम्हाले बसच्या काचेपुढचं काही दिसतच नाही." त्यावर बापाने लेकाशी बोलणं टाकलं आणि लेकाने बापाशी. राग दोन-तीन वर्षांत निवला. पुढे सून आली, नात आली. पण सवय राहिली. एकाच सोफ्यावर बसून दोघं मॅच पाहत आणि एक म्हणे, आई, बाबांले विचार चहा घेतात का. दुसरा म्हणे, सांग त्याले, अर्धा.

या येरझारांत प्रेमिलाबाईंनी एक कला कमावली होती. चंपतराव म्हणत, "एवढ्या थंडीत पोट्टीले गाडीवर घेऊन फिरते, अक्कल गहाण ठेवली काय?" तर ऋषिकेशपर्यंत पोचे, बाबा म्हणतात पोरीला मफलर घाल. ऋषिकेश म्हणे, "त्यांले म्हण, माही पोरगी मले समजते." तर चंपतरावांपर्यंत पोचे, घालतो म्हणाला. अशी वडाची साल पिंपळाला लावून त्यांनी घर चालवलं होतं आणि ते बरं चाललं होतं.

दिवाळीच्या आधी ऋषिकेश म्हणाला, "आई, देवराव काकाजीनं काटोलले घर पाहून देलं. खाली एक खोली आहे, बाथरूम लागूनच. बाबांचे गुडघे पाहूनच तेच घर धरलं. बाबांले विचार, येतात का आमच्यासंगं. तुम्ही दोघंही."

त्या विचारायला गेल्या. चंपतरावांचं गाव काटोलच्या पुढचं. सारी नोकरी त्यांनी नागपूर-काटोल गाडी चालवण्यात काढली. रोज गावाच्या इतक्या जवळ जायचं आणि स्टँडवर चहा पिऊन परत फिरायचं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. खोलीतून संत्र्याचा बगीचा दिसतो का, असं विचारलं. मग म्हणाले, "येतो म्हण त्याले."

आणि प्रेमिलाबाई मधल्या खोलीतून जाऊन ऋषिकेशला सांगून आल्या, की बाबा नाही म्हणतात, त्यांचं मन नाही. दुसऱ्या दिवशी चंपतरावांना सांगितलं, की पोरं म्हणतात आधी आमचं बस्तान बसू दे, मग पाहू.

त्यांचा अंदाज साधा होता. बाप येत नाही म्हटल्यावर पोरगाही जायचा नाही, सगळे इथेच राहतील. अंदाज चुकला. ऋषिकेश दोन दिवसांनी टेम्पो ठरवून आला. बोलायची वेळ तेव्हा होती, पण त्या बोलल्या नाहीत.

*

गोवऱ्या पेटवायचं काम या घरात पुरुषांचं. अंगणात कंपाउंडच्या भिंतीशी चंपतरावांनी गोवऱ्या रचल्या, ऋषिकेशने मधोमध कापूर ठेवला. धूर बापाकडे वळला तेव्हा लेकाने पत्र्याचा तुकडा आडवा धरला. लेकाचा हात भाजेल असं वाटलं तेव्हा बापाने चिमटा पुढे केला. निखारे लाल झाले, धूर सरला, तसा ऋषिकेश अदितीला घेऊन मारोतीला नारळ फोडायला गेला.

तेवढ्यात देवराव आला. हा चंपतरावांचा धाकटा भाऊ, काटोलला राहणारा. सकाळची एसटी पकडून, खांद्यावर संत्र्यांची पिशवी टाकून आला होता. माणूस मोकळा, त्याच्या पोटात पाण्याचा घोटही लपायचा नाही, असं प्रेमिलाबाई म्हणत. त्याने पिशवी ओट्यावर ठेवली, निखाऱ्यांवर हात शेकले आणि लगेच गाऱ्हाणं सुरू केलं.

"दादा, तुह्यावर मी नाराज आहो," देवराव म्हणाला. "मालकाच्या मागं लागून खालच्या खोलीले रंग देऊन घेतला. उंबरा काढून टाकला तुहे पाय अडकतील म्हणून. अन् तू म्हणतं, मी येत नाही."

चंपतराव रोडगे निखाऱ्यांवर मांडत होते. त्यांचा हात थांबला.

"कोणती खोली?"

"कोणती म्हणजे? ऋषीनं तुह्यासाठी धरली तेच. पोरगं चार घरं पाहून आलं होतं, खाली खोली नाही म्हणून तीन सोडली."

चंपतरावांनी पुढचा रोडगा ठेवला, मग त्याच्या पुढचा. पोरगा म्हणाला होता, आधी आमचं बस्तान बसू दे, मग पाहू. महिनाभर ते वाक्य त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. चांगलंच आहे, त्यांनी स्वतःला समजावलं होतं. तरुण माणसांना मोकळं राहावंसं वाटतं, म्हातारा कशाला पायात. कोणाला न सांगता त्यांनी मारोतीच्या पारावर बसून डोळेही पुसले होते. आणि आता हा सांगत होता की उंबरा काढला.

निरोप आणणारं माणूस एकच होतं. रागाने त्यांचे कान तापले. ते उठले, रोडगे पुसायला जुनं धोतर हवं होतं, तेवढं निमित्त पुरलं. देवरावला निखाऱ्यांपाशी बसवून ते मागच्या दाराकडे निघाले.

रोडग्यांचं दुसरं ताट घेऊन श्वेता ओट्यावर उभी होती हे दोघांनाही दिसलं नव्हतं. ताट तिथेच ठेवून ती आधीच आत गेली होती.

*

श्वेता आत आली तेव्हा वंदना वांगी चिरत होती आणि नेहमीचाच विषय काढून बसली होती. वंदना ऋषिकेशची थोरली बहीण. तिचं सासर हनुमाननगरात, इथून हाकेच्या अंतरावर. तिची दोन्ही मुलं शाळेतून सरळ आजीकडे येत आणि ती ऑफिसमधून येऊन त्यांना घेऊन जाई. आईबाबा या वयात एकटे पडतील, पोरीला रात्री-बेरात्री धाप लागली तर काटोलला कोण डॉक्टर, आजकालच्या सुनांना आपलं आपलं हवं असतं, असं तिचं चाललं होतं. यातलं शेवटचं श्वेताने महिनाभर ऐकून घेतलं होतं. सासरे नाही म्हणाले, त्याला ती काय करणार?

"एकदा तोंडदेखलं तरी विचारायचं होतं म्हाताऱ्यांले," वंदना म्हणाली.

"विचारलं होतं, ताई," श्वेता म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आई, बाबांले तुम्ही काय सांगतलं होतं? देवराव काकाजी बाहेर खोलीचं सांगून राहिले, अन् बाबा म्हणतात कोणती खोली."

प्रेमिलाबाई फोडणीत कांदा परतत होत्या. कांदा लाल झाला, मग काळपट व्हायला लागला, तरी त्यांनी गॅस बारीक केला नाही. शेवटी वंदनाने उठून बंद केला.

"आई?" वंदना म्हणाली.

"त्यांनी येतो म्हटलं होतं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मीच नाही म्हणून सांगतलं. दोघांलेही."

वंदनाने कपाळाला हात लावला. काहून केलं वं असं, एवढंच ती म्हणाली, पण त्या म्हणण्यात जोर नव्हता. श्वेताने तिच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. वंदनाला धक्का बसला होता हे खरं. पण आईबाबा इथेच राहणार, मुलं शाळेतून इथेच येणार, हेही तिच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं. इतके दिवस जी सुनेच्या नावाने बोटं मोडत होती, ती आता आईचीही बाजू धरेना आणि भावजयीचीही. ती पुन्हा वांगी चिरायला बसली.

"मले कोणी विचारलं?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. त्या कोणाकडे पाहत नव्हत्या. "पोरगं म्हणे, बाबांले विचार येतात का. हे म्हणे, येतो म्हण. मी काय टपालवाली आहो? काटोलच्या पुढच्या त्या गावात माही उमर विहिरीवर गेली. दारात पदर डोक्यावर, चुलीत फुंकणी. आठ बायांत उठायचं, आठ बायांत निजायचं, अन् रडायले जागा नाही. या घरात आल्यावर मी पहिल्यांदा दार लावून झोपली. ह्यांले तिथं संत्र्याचा बगीचा दिसते, मले काय दिसते कोणी पुसलं नाही. एकदा कोणी म्हटलं असतं, प्रेमिला, तुहं काय, तर मी आली असती. खरं सांगतो, आली असती."

श्वेताला राग आला होता आणि तो खरा होता. महिनाभराचे टोमणे तिने फुकट खाल्ले होते. पण रागाखाली दुसरंही काही होतं, आणि त्याची तिला लाज वाटली. सासरे येत नाहीत कळलं तेव्हा ऋषिकेश रडवेला झाला होता, आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. पण त्याच वेळी तिच्या मनात आलं होतं, चला, निदान तिथलं स्वयंपाकघर आपलं राहील. तिनेही तेव्हा फार खोदून विचारलं नव्हतं. बाबांशी स्वतः जाऊन बोलायला तिला कोणी अडवलं होतं? या घरात सून सासऱ्याशी बोलत होती की. पण घराची रीत अशी अंगवळणी पडली होती की तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

ती वळली तेव्हा मागच्या दारात चंपतराव उभे होते. दांडीवरचं जुनं धोतर त्यांच्या हातात होतं. ते कधीपासून उभे होते हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी सुनेकडे पाहिलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज न करता अंगणात परत गेले.

*

जेवायला अंगणातच सतरंज्या टाकल्या. पहिला रोडगा मारोतीचा, त्याच्याबरोबर एक तुकडा विस्तवाला. मग पंगत बसली. चंपतराव, देवराव, ऋषिकेश आणि त्याच्या मांडीला लागून अदिती. प्रेमिलाबाई तुपाचं भांडं घेऊन फिरत होत्या, श्वेता आणि वंदना भाजी-वरण वाढत होत्या. रोडगा फोडला की वाफ येई, तूप आत जिरे आणि सगळ्यांची बोटं भाजत. वांग्याची भाजी झणझणीत झाली होती. कोणीही काही बोललं नसतं तर जेवण निभावून गेलं असतं.

पण देवराव होता. दोन रोडगे पोटात गेल्यावर तो म्हणाला, "ऋषी, तुहा बाप भारी आहे गा. मले म्हणते, कोणती खोली. त्याले माहीतच नाही म्हणे."

ऋषिकेशचा घास हातात राहिला. त्याने आधी श्वेताकडे पाहिलं. तिने वरणाच्या पातेल्यात नजर घातली. वंदना पाणी आणायच्या निमित्ताने उठली. मग त्याने आईकडे पाहिलं. बाप त्याच्यापासून हातभर अंतरावर बसला होता, तरी तो आईलाच म्हणाला, "आई, बाबांले विचार ना. त्यांनी खरंच नाही म्हटलं होतं का?"

प्रेमिलाबाई तुपाचं भांडं धरून दोघांच्या मध्ये उभ्या होत्या. निरोप आला होता आणि तो हातभर पलीकडे द्यायचा होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत सगळं कबूल होतं.

"ऋषी," चंपतराव म्हणाले.

अंगणात सगळ्यांनी माना वर केल्या. अदितीनेही वर पाहिलं, कारण आबा बाबाला हाक मारतात हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"मीच नाही म्हटलं होतं," चंपतराव म्हणाले. "तुह्या मायनं बरोबर सांगतलं. देवराव काय, अर्धं ऐकते अन् पाऊण सांगते."

"पण दादा, तू तर..." देवरावने तोंड उघडलं.

"देवराव, तू जेव."

देवराव जेवायला लागला. इतक्या वर्षांनी बाप बोलला होता, सरळ ऋषिकेशच्या तोंडाकडे पाहून, आणि बोलला तर नाही म्हणाला. त्याला एकाच वेळी छाती भरून आल्यासारखं झालं आणि कोणीतरी दार लावल्यासारखंही. साखरपुड्यातल्या त्या वाक्याची माफी किती वर्षं त्याच्या जिभेवर बसली होती. ती आता तरी बाहेर यावी असं त्याला वाटलं; आलं ते दुसरंच.

"बाबा, खोली तुमच्यासाठीच पाहिली होती," तो म्हणाला. "अजूनही चला ना. उद्या टेम्पोत तुमची खुर्ची अन् दोन बॅगा मावतात. बाकी मागून आणू."

चंपतरावांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं, आणि तसेच पाहत राहिले. सारा जन्म त्यांनी तिला काय हवं ते विचारलं नव्हतं. आता विचारत होते, जसं त्यांना जमत होतं तसं. श्वेताला ते दिसलं. तिने मनात म्हटलं, आई, बोला, काहीही बोला.

प्रेमिलाबाईंना हो म्हणायचं होतं. पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःला हेच सांगत राहिल्या, की आपल्याला हो म्हणायचं होतं, शब्द तोंडात आला होता. पण सून बघत होती, लेक बघत होता, दीर बघत होता. आत्ता हो म्हटलं तर महिनाभर केलं ते काय होतं, हे सगळ्यांपुढे उघडं पडणार होतं. त्या वाकल्या आणि नवऱ्याच्या ताटातल्या रोडग्यावर तूप सोडलं.

"गरम आहे तवर खाऊन घ्या," त्या म्हणाल्या.

चंपतरावांनी मान खाली घातली. "नाही गा, ऋषी," ते म्हणाले. "मले आता नवीन जागा नाही जमत. नातीले घेऊन येत जा."

"हो, बाबा," ऋषिकेश म्हणाला.

*

सोमवारी टेम्पो गेला. जाताना ऋषिकेश बापाच्या पाया पडला आणि दोघंही थोडे जास्त वेळ तसेच राहिले. श्वेता सासूच्या पाया पडली. खालची खोली तशीच ठेवतो, एवढं त्यांच्या कानात म्हणाली. अदिती खिडकीतून हात हलवत राहिली. सिमेंटच्या रस्त्यावरची धूळ बसायला वेळ लागला.

दुपारी फोन वाजला. ऋषिकेशचा फोन नेहमी प्रेमिलाबाईंच्या मोबाइलवर येई. त्या हात पुसत लगबगीने निघाल्या. पण वाजत होता तो चंपतरावांचा. त्यांनी तो उचलला आणि अंगणात गेले. खिडकीतून प्रेमिलाबाईंना ते दिसत होते, आवाज पोचत नव्हता. चंपतराव बराच वेळ बोलत होते. मध्येच त्यांनी हाताने वळण दाखवलं, बहुधा कळमेश्वरच्या पुढचा रस्ता समजावत होते. एकदा हसलेही. कपाळावरचा घाम पुसला, पुन्हा ऐकत राहिले.

ते आत आले तेव्हा त्या दाराशीच होत्या.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. पोचले म्हणे."

"अदितीचा खोकला?"

"बरा आहे."

"अजून काय म्हणे?"

चंपतरावांनी चष्मा लावला आणि पेपर उघडला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्याचं अन् माहं होतं," ते म्हणाले.

प्रेमिलाबाई मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात गेल्या, आणि परत आल्या. आतून बाहेर न्यायला, बाहेरून आत आणायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.